भाजीच्या पाण्याचा 'मायक्रो' रिपोर्ट कसा काढला

आमची शेती पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रोडच्या अंगाला, मुळा-मुठेपासून फार लांब नाही. थोडा ऊस, बाकी सगळी पालेभाजी, म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, आणि कडेकडेनं काकडी-मुळा. पाणी तीन ठिकाणचं आहे, घरची विहीर, विहिरीतूनच भरून घेतलेलं शेततळं आणि नदीवरची लिफ्ट जी आमच्या चौघांत मिळून आहे. लाईट कधी येईल त्यावर कुठली मोटर चालू करायची ते ठरतं, त्यामुळं कुठल्या वाफ्याला कुठलं पाणी गेलं याचा हिशोब कधी कोणी ठेवला नव्हता. ठेवायची गरजच काय, असंच वाटायचं.

मग झालं असं की आमचा माल आता हॉटेलांना भाजी पुरवणारा एकजण जागेवर येऊन उचलतो, काटा जागेवर, हमाली-तोलाई कापाकापी नाही, म्हणून आम्ही खूष. त्याने एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म टाकला, पाण्याचा रिपोर्ट पाहिजे. म्हणलं आहे की, माती-पाणी परीक्षण आपण करतोच, पाठवून दिला. पीएच, ईसी, एसएआर, आरएससी, बोरॉन, म्हणजे आम्लता-क्षारांचं सगळं व्यवस्थित, शिक्का-सही. त्याचं उत्तर, "दादा यात मायक्रो नाही. ई कोलाय लागेल, १२६ च्या आत." म्हणजे जंतूंची तपासणी पाहिजे, १०० मिली पाण्यात ई कोलाय नावाचा जंतू १२६ च्या आत.

माझी पुतणी पुण्यात मायक्रोबायोलॉजीमध्ये एमएस्सी करते, तिला फोन लावला. ती हसायला लागली. म्हणाली काका, शेतीच्या पाण्याचा रिपोर्ट मागितला की लॅबवाला क्षारच बघणार, कारण आपल्याकडं शेतीच्या पाण्याचे जे निकष लिहिलेत त्यात जंतू हा विषयच नाही. तिने दाखवलं पण, केंद्रीय प्रदूषण मंडळाचे पाण्याचे वर्ग आहेत ए पासून ई पर्यंत. ए, बी, सी या तीन वर्गांत कोलिफॉर्मची, म्हणजे ई कोलाय ज्यात मोडतो त्या जंतूंच्या गटाची, मर्यादा आहे, पिण्याचं साधं पाणी असेल तर १०० मिलीत ५०, आंघोळीसाठी ५००, शुद्धीकरण करून पिणार असाल तर ५०००. आणि ई वर्ग, म्हणजे शेतीचा, त्यात पीएच ६ ते ८.५, ईसी २२५० पर्यंत, सोडियमचं प्रमाण, बोरॉन, संपलं. जंतूंचा ज पण नाही. म्हणजे नदीत आंघोळ करायची तर ५०० ची अट, आणि त्याच नदीचं पाणी कोथिंबिरीवर मारून ती मिसळीवर कच्ची भुरभुरायची तर काहीच अट नाही. मला हे खरंच माहीत नव्हतं, आणि अजूनही आजूबाजूला कोणाला सांगितलं की लोक म्हणतात काहीतरी सांगू नको.

आता टेस्ट करायची कुठं. गावात पाणीपुरवठ्याचा जलसुरक्षक आहे, त्याच्याकडं त्या छोट्या बाटल्या असतात, एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) वाल्या. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवायचं, दिवस-दोन दिवसात काळं पडलं तर पाण्यात विष्ठेचा संसर्ग असायची शक्यता. ही बाटली आपल्याच देशातली आहे बरं का, मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ साली ही पद्धत जगापुढं मांडली आणि आज कितीतरी देशांत गावपातळीवर वापरतात. त्याच्याकडनं बाटल्या घेतल्या, विहीर, तळं आणि नदी तिन्हीचं पाणी भरून स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागं ठेवलं. बायकोने तिन्हीवर कागद चिकटवून लिहिलं 'हात लावू नये'. नदीची बाटली रातोरात शाईसारखी काळी, दुसऱ्या दिवशी तळ्याची, आणि विहिरीची जरा उशिरा पण तीपण काळीच. आता यातनं काय कळलं? पिण्याच्या पाण्याला ही बाटली झकास आहे कारण तिथं हो किंवा नाही एवढाच प्रश्न असतो. शेतीच्या उघड्या पाण्यात थोडंफार काहीतरी असणारच, गंधक खाणारे दुसरे साधे जंतू पण बाटली काळी करतात. आम्हाला पाहिजे होता आकडा.

आकड्यासाठी लॅब. पुतणी म्हणाली तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ती प्रोजेक्ट म्हणून करेल, आणि शिक्क्याच्या कागदासाठी शहरात एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी लॅबमध्ये एक सॅम्पल देऊ. मी विचारलं थेट ते वाईट जंतूच का नाही शोधत, टायफॉईडचा, कॉलऱ्याचा, काविळीचा? ई कोलायच का? तर त्याचं कारण मला पटलं. रोगाचे जंतू पाण्यात कधी असतात कधी नसतात, असले तरी थोडे, आणि प्रत्येकाची टेस्ट वेगळी, महाग. ई कोलाय मात्र माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात कायम आणि ढिगानं असतो, त्यातले बहुतेक निरुपद्रवी, पण तो पाण्यात सापडला म्हणजे कुठूनतरी ताजी घाण येतीये हे नक्की. घाण येतीये तर तिच्याबरोबर बाकीचे पण येऊ शकतात. एवढंच त्याचं काम.

सॅम्पल घ्यायचा प्रकार मला वाटला होता त्यापेक्षा बराच नाजूक निघाला. क्षाराच्या टेस्टला आपण काय करतो, बिसलेरीची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुतो, भरतो, पिशवीत टाकतो, उद्या-परवा सवडीनं देतो. इथं सगळं उलटं. बाटली लॅबमधून निर्जंतुक करून आलेली, तोंडाला ब्राऊन पेपर बांधलेला, आणि ती अजिबात धुवायची नाही. झाकण काढलं की ते हातातच उलटं न करता धरून ठेवायचं, खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. पुतणी लिफ्टच्या जागी जलपर्णी बाजूला सारून गुडघाभर पाण्यात उतरली, बाटलीचं तोंड येणाऱ्या धारेकडं करून वीतभर खाली नेऊन भरली, वरचा फेस आणि तवंग आत येऊ नये म्हणून. गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी हवा ठेवायची, नाहीतर लॅबमध्ये हलवून एकजीव करता येत नाही. विहिरीचं सॅम्पल मोटर काही मिनिटं चालवून मग, पाईपच्या तोंडाला स्पिरिटचा बोळा फिरवून, पेटवून, परत पाणी सोडून. आमचा गडी बघत होता, म्हणाला पूजा चाललीये का काय.

मग बर्फ. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या, पण वितळलेल्या पाण्यात बाटलीचं तोंड बुडता कामा नये. आणि शक्यतो ६ तासांच्या आत लॅब गाठायची, फार फार तर २४, कारण बाटलीत जंतू गप्प बसत नाहीत, काही मरतात, गरमीत काही वाढतात, मग जो आकडा येतो तो नदीचा नसतो, बाटलीचा असतो. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये मांडीवर थर्माकोलची पेटी घेऊन बसायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

तिने सॅम्पल पण मी सांगितले तेवढेच नाही घेतले. मला वाटत होतं विहीर, तळं, नदी, झालं. ती म्हणाली पाणी पिकापर्यंत कसं जातं ते दाखवा, आणि पाण्याच्या मागं मागं चालत सुटली. ड्रिपच्या शेवटच्या टोकाचं घेतलं. आणि मग तिची नजर गेली हौदावर, जिथं बाया संध्याकाळी जुड्या धुतात. मुळं धुतली की माती जाते, जुडी हिरवीगार ताजी दिसते, दोन रुपये भाव जास्त. तो हौद विहिरीच्या पाण्यानं दुपारी एकदा भरतो आणि माल संपेपर्यंत तेच पाणी. तिने एक बाटली हौद भरल्या भरल्या घेतली आणि एक सगळ्या जुड्या धुऊन झाल्यावर.

लॅबमध्ये तिने मला आत नेलं, चप्पल बाहेर. स्टँडमध्ये काचेच्या नळ्यांच्या तीन रांगा, प्रत्येक रांगेत पाच, आत जांभळं पाणी, आणि प्रत्येक नळीच्या आत अजून एक बोटभर छोटी नळी उलटी टाकलेली. जांभळं म्हणजे जंतूंचं खाणं, त्यात दुधातली साखर आणि एक रंग. पहिल्या पाच नळ्यांत आपलं पाणी १० मिली, पुढच्या पाचात १ मिली, शेवटच्या पाचात मिलीचा दहावा भाग. मग ३७ डिग्रीला ठेवून द्यायचं. कोलिफॉर्म असले तर ते साखर खातात, आंबट होतं, जांभळ्याचं पिवळं होतं आणि गॅस सुटतो तो त्या उलट्या नळीत बुडबुडा होऊन अडकतो. दुसऱ्या दिवशी नदीच्या रांगा बघितल्या, पंधराच्या पंधरा पिवळ्या आणि प्रत्येकीत बुडबुडा. विहिरीच्या रांगेत पहिल्या पाच पिवळ्या, मधल्यांत एक, शेवटच्या सगळ्या जांभळ्याच. किती नळ्या पिवळ्या झाल्या ते मोजायचं आणि एका तक्त्यात बघायचं, त्याला एमपीएन म्हणतात, म्हणजे जंतू मोजत कोणी नाही, किती असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे तो अंदाज आहे.

पिवळं झालं म्हणजे ई कोलायच असं पण नाही, मातीतले काही जंतू पण हेच करतात. म्हणून पिवळ्या नळ्यांतलं थेंबभर पुढच्या नळ्यांत, यावेळी ४४.५ डिग्रीला, या गरमीत मातीतले बरेचसे गळतात आणि आतड्यातले टिकतात. त्यात मग एका औषधाचे थेंब टाकले की वर लाल कडं येतं. आणि शेवटी एका प्लेटवर रेघोट्या मारतात, दुसऱ्या दिवशी ती प्लेट तिने मला लाईटखाली तिरकी करून दाखवली, काळपट ठिपके आणि त्यावर हिरवी धातूसारखी चमक, भुंग्याच्या पाठीवर असते तशी. खरं सांगतो, दिसायला सुंदर होती. आणि ही आमच्या हौदातली.

आकडे असे आले. सगळे १०० मिलीतले, ई कोलायचे. विहीर ३३. ड्रिपचं टोक ७९. शेततळं २४०. हौद भरल्या भरल्या विहिरीसारखाच, धुणं झाल्यावर १६०० च्या वर. नदी १६०० च्या वर.

मी लगेच विचारलं ड्रिपमध्ये विहिरीपेक्षा जास्त कसं, पाईपमध्ये शेवाळ धरलं का? ती म्हणाली काका, ३३ आणि ७९ यात भांडण लावू नका. या पद्धतीत ३३ चा अर्थ साधारण १० ते १०० मध्ये कुठंतरी, आणि ७९ ची रेंज अजून मोठी. दोन्ही एकच समजा. पण २४० आणि ३३ मध्ये फरक आहे असं म्हणायला जागा आहे, तळ्यावर बगळे बसतात, तळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर त्यांची घाण दिसतेच, कुत्री पाणी प्यायला येतात. हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण रिपोर्टवर नुसता आकडा छापून येतो आणि आपण दशांशापर्यंत वाद घालत बसतो.

दुसरं म्हणजे ते '१६०० च्या वर'. हा आकडा नाहीच, पट्टी संपली एवढाच त्याचा अर्थ. १७०० पण तेच आणि सतरा लाख पण तेच. घाण पाणी असेल तर लॅबला आधीच सांगायला लागतं की पातळ करून लावा. नदीचं परत आणून शंभरपट पातळ करून लावलं तेव्हा आलं २४,०००. तुलनेला सांगतो, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमात विष्ठेच्या कोलिफॉर्मची मर्यादा १००० च्या आत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खायच्या पिकांना पण १००० च सांगितली होती. आमच्याकडं नदीत शहराचं काय काय मिसळतं ते नाकाला कळतंच, मुंढव्याच्या जॅकवेलमधून नदीचं पाणी उचलून जुन्या कालव्यात पण सोडतात आणि त्यावर खाली कितीतरी गावं भिजतात. त्यांना दुसरं पाणी कुठंय? हे पाणी नसतं तर उन्हाळ्यात ऊस वाळला असता हेपण खरंच आहे.

मी आपला खूष की विहीर ३३, १२६ च्या आत, पाठवा रिपोर्ट. खासगी लॅबचा कागद पण साधारण तेवढाच आला, व्यापाऱ्याचं काम झालं, त्याने फाईलला लावला. पण पुतणीला प्रोजेक्ट पुरा करायचा होता, ती जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की लगेच परत आली. त्याच विहिरीचं सॅम्पल, तीच जागा, आकडा ९२०. गोठ्याच्या मागं उकिरडा आहे, उतार विहिरीकडं, आणि त्या बाजूचा कठडा खचलेला. पाऊस झाला की गढूळ ओघळ सरळ आत. पुढं पाणी निवळल्यावर परत घेतलं तर २३. म्हणजे मी कुठल्या दिवशी बाटली भरली त्यावर माझी विहीर पास का नापास ते ठरणार.

हा १२६ आला कुठून तेपण तिने काढलं. अमेरिकेत २०१५ मध्ये ताज्या भाज्या-फळांचा नियम झाला त्यातला आहे. आणि तिथं तो एका सॅम्पलसाठी नव्हताच, जॉमेट्रिक मीनसाठी होता, म्हणजे सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून त्याचं मूळ काढतात ती सरासरी. आमच्या तीन आकड्यांची साधी सरासरी काढली तर ३२५ येते, एकटा ९२० सगळ्यांना वर ओढतो, जॉमेट्रिक मीन काढला तर ८९ च्या आसपास. मग पास? नाही, कारण जोडीला दुसरा आकडा होता ४१०, दहातले नऊ सॅम्पल त्याच्या आत पाहिजेत अशा हिशोबाचा. विहीर-बोअरला पहिल्या वर्षी निदान ४ सॅम्पल आणि नदी-तलावाला दोन ते चार वर्षांत निदान २० अशी अट होती. गंमत म्हणजे २०२४ मध्ये त्यांनी काढणीआधीच्या पाण्याला हे आकडे काढूनच टाकले, आता शेतकऱ्याने दरवर्षी पाण्याचा उगम, आजूबाजूची जनावरं, पाणी द्यायची पद्धत, हवामान हे सगळं बघून धोका ठरवायचा. त्याच्या मागं कारण होतं, २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेन लेट्यूसमधून २१० लोक आजारी पडले, ५ वारले, आणि त्याच जातीचा ई कोलाय तिथल्या कालव्याच्या पाण्यात सापडला. तर ज्या नियमातून हा आकडा आमच्याकडं आला तिथं तो गेला, आणि आमच्या व्यापाऱ्याच्या फॉर्ममध्ये एका बाटलीपुरता अजून जिवंत आहे. मी त्याला पावसातला ९२० पण पाठवला. तो म्हणाला दादा तो नको, एकच लागतो.

गावात या सगळ्याची चर्चा झालीच. पारावर एका म्हाताऱ्याने विचारलं, आमच्या बापानं याच नदीवर भाजी केली, कोण मेलं? यावर माझ्याकडं उत्तर एवढंच की बापाच्या वेळची नदी ही नव्हती, आणि हगवण लागली तर कोण म्हणतं कोथिंबिरीनं लागली, पाणीपुरीनं लागली असंच म्हणतात. पण एक मुद्दा त्याचा बरोबर होता, मेथी-पालक शिजतो, त्याला कशाला एवढं? खरंय. म्हणून आम्ही पिकं वाटली. ऊस नदीवर. शिजणारी भाजी तळ्यावर चालेल. कोथिंबीर, मुळा, काकडी, कांद्याची पात हे कच्चं खायचं, ते फक्त विहिरीवर आणि ड्रिपनं, पानावर पाणी उडणार नाही असं. कोथिंबिरीचं वरून फवारणारं स्प्रिंकलर बंद केलं, यावर भाऊ अजून नाराज आहे, त्याचं म्हणणं उगवण एकसारखी येत नाही, मग तडजोड म्हणून उगवून येईपर्यंत स्प्रिंकलर, नंतर ड्रिप. काढणीआधी पाणी जरा लवकर तोडतो, ऊन आणि कोरड यात पानावरचे जंतू बरेच मरतात. उकिरडा हलवला, विहिरीचा कठडा बांधून वर घेतला आणि ओघळ वळवला.

हौदाचं मात्र सगळ्यात अवघड गेलं. विहीर ३३ ची आणि त्याच पाण्याचा हौद संध्याकाळी १६०० च्या वर, म्हणजे शेतात एवढं जपून शेवटच्या तासाला आपणच एका जुडीचं दुसरीला लावतोय. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून बघितलं. गावात पिण्याच्या पाण्याला तीच पावडर वापरतात, पण चिखलाच्या पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, पट्टीनं मोजलं तर थोड्या जुड्या धुतल्या की गायब. आणि पोतं उघडं राहिलं की पावडर मेलेलीच असते, नुसता वास मारते. मग दोन हौद केले, पहिल्यात माती काढायची, दुसऱ्यात स्वच्छ पाणी आणि मोजून क्लोरीन, पट्टी उतरली की पाणी बदल. दुसऱ्या हौदाचं सॅम्पल घ्यायला बाटली पण वेगळी लागते, आत क्लोरीन मारणारं औषध घातलेली, नाहीतर बाटलीत जंतू मरत राहतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बाया आधी वैतागल्या, हाताला झोंबतं म्हणाल्या, ग्लोव्हज आणले. शेतावर संडास आणि साबण नव्हता, तो केला, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा याचा फायदा जास्त असेल, फक्त तो कुठल्या नळीत पिवळा होऊन दिसत नाही.

पुतणीने जाताना अजून एक सांगून ठेवलं, जंताची अंडी. ई कोलाय कमी आला म्हणजे ती नाहीत असं नाही, क्लोरीनला ती दाद देत नाहीत आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतात. त्याची टेस्ट वेगळी, लिटरच्या लिटर पाणी निथळून मायक्रोस्कोपखाली. ते तिने तळ्यासाठी करायचं ठरवलंय, दिवाळीनंतर, परीक्षा झाली की. व्यापारी भाव तोच देतो, रिपोर्ट असला काय नसला काय.